कातरण

माझगावला, माथारपाखाडीतल्या कुरुसामागच्या बोळात
अपोलीन किणी ओस्त्या भाजायची.
मैदा आणि पाणी. मीठ नाही, खमीर नाही.
लांब दांड्यांचा लोखंडी साचा,
आत उलटं कोरलेलं कोकरू,
भाजल्यावर ते सुलटं उभं राहायचं.
पळीभर पीठ, चर्र, वाफ,
आणि कागदाहून थोडी जाड अशी पांढरी पोळी.

लगेच कापली तर तडकते.
म्हणून रात्रभर ओलसर फडक्याखाली.
सकाळी हातयंत्रानं एकेक चकती काढायची,
मोजून डब्यात, डबा देवळात.
मागे उरायची जाळी, भोकंच भोकं,
भोकांना धरून राहिलेला काठ.
तेवढं कातरण गल्लीतल्या पोरांचं.

"मावशी, ह्यात देव आहे?"
"अजून नाही. देवळात गेल्यावर उतरतो.
हे नुसतं पीठ आहे. खा."

अप्पा मला न्यायला यायचे.
उंबऱ्याच्या आत कधी आले नाहीत.
पगाराच्या दिवशी पाच किलो मैद्याची पिशवी
दाराशी टेकवायचे आणि बोळाकडे बघत उभे राहायचे.
ती नको म्हणायची नाही. या म्हणायची नाही.

आतल्या भिंतीवर सान्तान,
भांग पाडलेला, खिशाला गोदीचा बिल्ला.

गोष्ट मला तुकड्यातुकड्यांनी मिळाली.
सुक्या गोदीत चढवलेलं जहाज, तळाची टाकी,
गंज खरवडायला उतरलेले दोघे:
रत्नागिरीचा हमीद, आणि अप्पा.
खाली हवा नव्हती. जे होतं त्याला वास नव्हता.
सान्तान त्या टोळीतला नव्हताच,
धक्क्यावर डबा उघडून बसला होता.
आधी हमीदला दोर बांधून दिला. मग अप्पांना.
तिसऱ्यांदा दोर खाली सोडला
तो रिकामा वर आला.
डब्यात बोंबलाचं कालवण होतं,
हे अप्पांनी मला एकदाच सांगितलं,
आणि मग पुष्कळ वेळ काहीच नाही.

दफनाच्या वेळी फादरनी शास्त्रातलं वाचलं,
की मित्रांसाठी जीव देणाऱ्याहून
मोठं प्रेम कुणाचं नसतं.
अपोलीन म्हणे भर स्मशानात बोलली,
"मित्र कसले? त्याला ह्यांची नावंसुद्धा ठाऊक नव्हती."
फादर थांबले. मग पुढची ओळ वाचली.

एका ईस्टरच्या आठवड्यात, साचा धुरावत असताना,
मी मोठा झालो होतो, विचारायचं धाडस आलं होतं.
ती वर न बघता म्हणाली,
"बापानं एकुलता एक दिला, खरं आहे.
त्याला तिसऱ्या दिवशी परत मिळाला.
मी तिसऱ्या दिवशी शेगडी पेटवली,
चौदाशे ओस्त्या द्यायच्या होत्या."
"तरी जातेस देवळात?"
"मरियेकडे बसते. आम्ही बोलतो.
तिला निदान आधी विचारलं होतं.
मला हवालदारानं येऊन सांगितलं."
पोळी करपली. तिनं ती काढून बाजूला ठेवली,
फेकली नाही.

एकतीस वर्षं अप्पांनी मैदा पोचवला.
त्यातला किती कुणाच्या जिभेवर गेला,
कुणाच्या कुठल्या पापावर विरघळला,
आम्ही गणपतीवाले, आम्हाला कसं कळावं.

शेवटी जनरल वॉर्डात अप्पांना पाणीसुद्धा उतरेना.
ती आली. छत्री, पिशवी, सुजलेले पाय.
खाटेशी बसली, पुडी सोडली,
जाळीचा एक तुकडा मोडला, पेल्यात बुडवला,
त्यांच्या ओठांत ठेवला.
मी म्हणालो, "मावशी, ह्यावर तर अजून..."
"भिजलंय," ती म्हणाली. "उतरेल."

अप्पांचा गळा हलला.
त्यांनी तिचं मनगट धरलं, साच्याचे जुने चटके होते तिथं,
आणि बघत राहिले.
एवढ्या वर्षांत पहिल्यांदा, बोळाकडे नाही.

थोड्या वेळानं तिनं हात सोडवून घेतला.
पोळ्या फडक्याखाली होत्या,
जास्त भिजल्या तर कापता येत नाहीत.